लानछांगातलं सतरा नंबरचं घर

पाट्या काढायला मुखिया स्वतः घरोघर हिंडत होता. हातात पक्कड, पाठीला टोपली, आणि टोपलीत निळ्या पत्र्याच्या पाट्या खणखणत होत्या. नऊ, अकरा, बारा. सतरा नंबरपाशी येऊन तो अडला, कारण जिन्याच्या मधल्याच पायरीवर ओनसी पालेभाजी निवडत बसली होती आणि उठायचं नाव घेत नव्हती.

"मावशी, जरा सरक. पाटी काढायचीय."

"का?"

"अगं, का म्हणजे? प्रांत गेला ना! आता कसला सतरा आणि कसलं काय."

"घर तर इथंच आहे," ओनसी म्हणाली. "तेही टोपलीत घालून नेतोयस का?"

वर पडवीत तिचा नवरा चान फेंग जाळं विणत बसला होता, तो खो खो हसला. मुखियाही हसला, तिला वळसा घालून वर चढला, दोन खिळे उपटून त्याने पाटी टोपलीत टाकली. भिंतीवर एक फिकट चौकोन तेवढा राहिला. ओनसी त्या चौकोनाकडे बराच वेळ बघत बसली आणि मग पुन्हा भाजीकडे वळली.

जगाची ती मोठी लढाई संपून दीड वर्ष झालं होतं. लढाईच्या सुरुवातीला बँकॉकवाल्यांनी फ्रेंचांकडून मेकाँगचा उजवा काठ हिसकावला, त्याचा एक प्रांत केला आणि त्याला नाव दिलं लानछांग. आता लढाईचा निकाल उलटा लागल्यावर तो काठ त्यांनी गुपचूप परत केला. पाच-सहा वर्षांचं आयुष्य, म्हणजे एखादं आंब्याचं झाडसुद्धा त्याहून जास्त जगतं. आमच्या हातसाय गावाला त्याचं फारसं सोयरसुतक नव्हतं. साहेब बदलले, एवढंच. नवे आले ते जुनेच होते.

पण खोटं कशाला बोलू, त्या वर्षांत सवयी मात्र लागल्या. कचेरीत जायचं तर डोक्यावर हॅट पाहिजे. पान खायला बंदी, रंगलेलं तोंड दिसलं की कारकून दारातूनच हाकलायचा. आणि रोज सकाळी आठला मैदानात निशाण चढायचं, शाळेतली मुलं गाणं म्हणायची, आणि गाणं संपेपर्यंत सगळ्या गावाने असेल तिथे ताठ उभं राहायचं. पाणी आणणारी घागरीसकट, नांगरणारा नांगरासकट. शेजारच्या मे-सेंगचं डुक्कर एकदा सुटलं होतं, तर गाणं चालू होताच तेही उभं राहिलं, असं ती अजून शपथेवर सांगते.

साहेब गेले त्याच संध्याकाळी बायकांनी तांदळाच्या टोपल्यांखालून पानाचे डबे काढले. निशाणाचा खांब करवतीने कापून ओढ्यावर त्याचा साकव केला. कचेरीचे पत्रे कोणी कोणी नेले, भिंती उरल्या, तिथे मुखियाच्या म्हशी बांधल्या जाऊ लागल्या. आठ दिवसांत गाव पुन्हा होतं तसं झालं.

ओनसी सोडून.

मे-सेंग पानाचा डबा घेऊन गप्पा मारायला आली, तेव्हा ओनसीने हात मागे घेतला.

"नको गं. तोंड रंगवून कचेरीत कसं जायचं?"

"कुठल्या कचेरीत? म्हशींच्या?" मे-सेंगने खिदळून विचारलं. ओनसी ओशाळून हसली, पण पान काही तिने घेतलं नाही. जन्मभर काळ्या दातांची ही बाई, पानावाचून जिला जेवण पचायचं नाही. चान फेंगला ते जरा खटकलं. वय झालं, तोंडाची चव गेली असेल, असं त्याने मनाशी म्हटलं.

मग सकाळी आठचं लक्षात आलं.

ती सरपण फोडत होती. कोयता वर उचलला आणि तसाच हळूच खाली ठेवला, सरळ झाली, तोंड मैदानाकडे केलं आणि उभी राहिली. हात मांड्यांना चिकटलेले. चान फेंगने हाक मारली, ती वळली नाही. जवळ जाऊन पाहिलं तर डोळे उघडे, श्वास संथ, हात गरम. गाणं म्हणून संपायला जेवढा वेळ लागतो तेवढ्याने ती हलली आणि कोयता उचलून कामाला लागली.

"काय गं, निशाण चढवत होतीस?"

"काय?"

"काही नाही."

एवढ्या वर्षांची सवय आठ दिवसांत थोडीच जाते, त्याने स्वतःची समजूत काढली. पण दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. हिवाळ्यात आमच्याकडे सकाळभर नदीवरून धुकं येतं, दहापर्यंत सूर्य दिसत नाही. कचेरीचं घड्याळ बँकॉकला गेलेलं. मग हिला आठ वाजलेले कळतात कसे?

चान फेंग हा एके काळी विहाराचा मुख्य भिक्खू होता. चीवर उतरवून ओनसीशी लग्न केलं, तरी 'चान' ही पदवी त्याला जन्माची चिकटली. माणूस मोठा काटेकोर, ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवणारा नव्हे. त्याने मास्तर खामपोनला बोलावून आणलं, कारण गावात मनगटी घड्याळ होतं ते त्याच्याकडेच. मास्तर पडवीत चहा पीत बसला आणि ओनसी चुलीपाशी मासा भाजत होती. बाहेर नुसतं पांढरं धुकं. तिने मासा उलटला, चिमटा ठेवला, उठून उभी राहिली.

मास्तरने घड्याळ पाहिलं. मग ते कानाला लावून पाहिलं.

"आठ," तो म्हणाला. "ना एक मिनिट पुढे, ना मागे."

त्या दिवशी ती पाच मिनिटं उभी होती. मासा करपला.

त्यानंतरच्या आठवड्यात पाचाची पंधरा मिनिटं झाली. एकदा ती जागची हलली तेव्हा कपाळावरचा घाम पुसत म्हणाली, "बाई बाई, काय ती गर्दी! मेली रांगच पुढे सरकेना."

चान फेंगच्या हातातलं जाळं थांबलं. "कुठली रांग?"

"कचेरीतली. कुठली म्हणजे?"

"ओनसी, कचेरीत म्हशी आहेत गं."

"काहीतरीच बोलता. आत्ताच तर चुना लावलाय भिंतींना. त्या जाड कारकुनाची बदली झालीय, नवा आलाय तो बरा आहे. म्हणाला, आजी, अंगठा इथे लावा." आणि तिने सहज हात पुढे केला.

अंगठा जांभळा होता. चान फेंगने तो हातात धरून चोळला तर त्याच्याही बोटाला शाई लागली, ओली. नाकाशी नेली तर तोच रॉकेलसारखा वास. असली शाई बँकॉकहून डब्यांतून यायची आणि डबे साहेबांबरोबर परत गेले होते. आमच्या गावात शाई म्हणजे मास्तरची दौत, आणि ती निळी. त्याने राखेने तिचा अंगठा घासघासून धुतला. ती लहान मुलीसारखी हात पुढे करून उभी राहिली.

"एवढं काय त्यात," ती म्हणाली. "जाईल उद्यापर्यंत."

त्या दुपारी चान फेंग जेवला नाही. आपण काय करून बसलो ते त्याला कळलं होतं.

तो गावचा बोलावणारा होता. माणसाच्या अंगात बत्तीस ख्वान असतात, प्राणाचे अंश म्हणा. ते भित्रे. ताप चढला, धक्का बसला, की एखादा ख्वान अंगातून सटकतो आणि रानावनात भटकत बसतो, इकडे माणूस खंगत जातो. मग केळीच्या पानांचा मनोरा रचायचा, झेंडू खोचायचा, भात आणि उकडलेलं अंडं मांडायचं, आणि बोलावणाऱ्याने चालीत हाका मारायच्या. रानात असशील तर रानातून ये, पाण्यात असशील तर पाण्यातून ये, अमक्या घरी ये. शेवटी आजाऱ्याच्या मनगटाला सगळ्यांनी पांढरं सूत बांधायचं, की ख्वान पुन्हा निसटू नये. यात कस लागतो तो पत्ता सांगण्यात. ख्वानाला डोळे नसतात, तो कानाने चालतो. जे घर सांगाल तिथेच येतो.

प्रांत झाल्यावर साहेबाने हुकूम काढला की कुठल्याही विधीत गावाचा पत्ता सरकारी रीतीने घ्यायचा. घर नंबर, वाडी नंबर, प्रांत. लग्न असो, बारसं असो, साहेब टोपी घालून पहिल्या रांगेत बसायचा. चान फेंग काय कमी होता? तो मोठ्याने सरकारी पत्ता म्हणायचा आणि लगेच ओठांतल्या ओठांत खरा पत्ता पुटपुटायचा: नदीकाठच्या चिंचेखालच्या घरी, उतरत्या जिन्याच्या घरी. साहेबही खूश, ख्वानही घरी. पाच वर्षांत एकदाही चूक नाही.

एकदा सोडून. तिसऱ्या वर्षी पावसाळ्यात ओनसीला हिवताप झाला. चौथ्या दिवशी तिने डोळे फिरवले, हातपाय गार पडले, मे-सेंग रडायला लागली. साहेब माणूस वाईट नव्हता. तो स्वतः कोयनेलच्या गोळ्या घेऊन आला आणि उशाशी बसून राहिला. चान फेंग बोलवायला बसला तेव्हा साहेब म्हणाला, "म्हातारबुवा, पत्ता पूर्ण सांगा हं. अर्ध्या पत्त्यावर पत्रसुद्धा पोचत नाही."

तो थट्टाच करत होता बिचारा. पण चान फेंगची पाचावर धारण बसली होती. तीस-बत्तीस वर्षं संसार केलेली बायको डोळ्यांदेखत चाललेली. काही राहून जायला नको, काही चुकायला नको, एवढंच डोक्यात. घर नंबर सतरा, वाडी नंबर चार, प्रांत लानछांग. एकदा नाही, तीनदा म्हणाला, आणि जीव तोडून म्हणाला. पुटपुटायचं मात्र विसरला.

ओनसीने डोळे उघडले. साहेबाने टाळी वाजवली. गावाने चान फेंगला डोक्यावर घेतलं.

आणि आता तो पत्ताच राहिला नव्हता.

"मग परत बोलवा की," मे-सेंग म्हणाली. तिला त्याने सगळं सांगितलं, कारण कोणाला तरी सांगायलाच हवं होतं. "हातपाय गाळून काय बसलात? चूक तुमची, निस्तरा तुम्हीच. मी केळीची पानं आणते."

चांगला दिवस बघून सकाळी दहाला मांडामांड केली. मास्तर आला, मुखिया आला, पंधरा-वीस माणसं पडवीत दाटीवाटीने बसली. आठचं उभं राहणं उरकून ओनसी स्वतः चटईवर येऊन बसली होती. तिने केस विंचरून फूल माळलं होतं आणि सगळ्यांना पाणी विचारत होती, जणू कार्य दुसऱ्याच कुणाचं तरी आहे.

चान फेंगने असं कधी म्हटलं नव्हतं. रान घेतलं, नदी घेतली, डोंगर घेतले. मग जे कुठल्याच पाठात नाही ते घेतलं. कचेरीत असशील तर कचेरीतून ये. रांगेत असशील तर रांगेतून ये. निशाणाखाली असशील तर निशाणाखालून ये. नदीकाठच्या चिंचेखाली ये, माझ्या घरी ये, ओनसी.

"ये गं ये!" सगळे ओरडले.

ओनसीच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. मे-सेंगने हर्षाने तिचा हात धरला. एकेकाने सूत बांधलं, दोन्ही मनगटं कोपरापर्यंत पांढरी झाली. चान फेंगने शेवटची गाठ स्वतः मारली, चांगली करकचून.

"आलीस ना?" त्याने विचारलं.

"ऐकू येतं हो मला," ती म्हणाली. "पण चिंच कुठेय? मला तिकडे चिंच सापडत नाही. सतरा नंबर तेवढा सापडतो."

लोक जेवून गेले. दुपारी चान फेंग चटई झटकायला गेला तर चटईवर सुतं पडलेली होती. वीस-बावीस. एकही तुटलेलं नव्हतं, एकही सुटलेलं नव्हतं. गाठी जशाच्या तशा, आणि मधे मनगटाएवढी पोकळी. त्याने आपली स्वतःची गाठ ओळखली. त्या वर्तुळातून त्याची चार बोटंसुद्धा जाईनात.

त्याने ती सुतं गोळा करून चुलीत टाकली आणि कोणालाही सांगितलं नाही.

मग ओनसी दुपारपर्यंत उभी राहू लागली. मग उन्हं कलेपर्यंत. चान फेंगने तिच्या मागे एक खुर्ची ठेवून पाहिली, तिला बसवून पाहिलं, ती बसायची नाही. माशा घोंगावायच्या म्हणून तो पंखा घेऊन शेजारी उभा राही. मोठी शांत, छान दिसायची हो ती. कधी ओठ हलायचे, कधी हसू यायचं, कुणी विनोद केल्यासारखं. गावातली माणसं जिन्याखालून जाताना आवाज खाली आणत.

इथे ती काही खातच नव्हती. भाताची करंडी पुढे केली की म्हणायची, "जेवलेय मी." आणि खंगत असती तर एक वेळ समजलं असतं. पण ती भरत चालली होती. गाल वर आले, हातावर मांस चढलं, ताप येण्याआधी होती तशी दिसू लागली. मे-सेंगने एकदा पाहिलं आणि दुसऱ्यांदा ती वर चढलीच नाही. जिन्याखालीच भाजीची टोपली ठेवून जायची.

माघाच्या सुमाराला एक दिवस ओनसी अंधार पडायच्या बेताला हलली आणि चान फेंगकडे पाहून एकदम चिडली.

"तुम्हाला काही लाजलज्जा?"

"काय झालं?"

"रोज दोन ताटल्या मांडते मी. रोज! मिरचीची चटणी करते, नदीतलं शेवाळ तळते, तुमच्यासाठी. आणि वाट बघत बसते. शेजारीपाजारी विचारतात, अगं तुझा नवरा कुठाय? काय सांगू मी त्यांना?" तिचा आवाज फुटला. "तुम्हीच बोलावलंत. तीन-तीनदा बोलावलंत. मी आले. आणि तुम्ही स्वतः आलाच नाहीत."

चान फेंगने हातातला पंखा खाली ठेवला. इतके दिवस तो ती आपल्याला सोडून चालली म्हणून रडत होता. तिला तिथे एकटीला सोडलं होतं ते त्याने.

त्या रात्री त्याला शांत झोप लागली. सकाळी उठून त्याने अंगण झाडलं, जाळं गुंडाळून मास्तरच्या घरी दिलं आणि येताना मे-सेंगच्या कुंपणापाशी थांबला.

"एक काम करशील? मी सांगतो तसं म्हणशील?"

मे-सेंगने ऐकून घेतलं आणि कानांवर हात ठेवले. "मेले तरी म्हणणार नाही! म्हातारचळ लागलाय तुम्हाला."

"अगं, न्हाव्याने स्वतःचं डोकं कसं भादरायचं? माझा ख्वान मला बोलावता येत नाही."

"तेच बरं आहे," ती म्हणाली आणि आत जाऊन तिने दार लावून घेतलं. फटीतून मात्र बघत राहिली.

घरी ओनसी चूल पेटवत होती. आठला अजून अवकाश होता. चान फेंगने पडवीत चटई घातली. केळीचं एक पान, दोन झेंडू, भाताचा गोळा, सुताचा तुकडा. तो बसला आणि त्याने डावा हात पुढे केला.

"ये, ओनसी. मी म्हणतो तसं माझ्या मागून म्हण."

"मला कुठे येतं ते!"

"पस्तीस वर्षं ऐकतेयस. येईल."

ती समोर बसली. लाजली. चाल तिला बरी जमत होती, शब्द मागेपुढे होत होते. तो सुधारत होता. रानात असशील तर रानातून ये, हो, पाण्यात असशील तर पाण्यातून ये, बरोबर. आता पत्ता.

"घर नंबर सतरा," ती म्हणाली.

"वाडी नंबर," त्याने आठवण केली.

"वाडी नंबर चार. प्रांत लानछांग."

"तीनदा."

तिने तीनदा म्हटलं. मग थांबून विचारलं, "आणि ते तुम्ही हळूच पुटपुटायचात ते?"

चान फेंगने चिंचेकडे पाहिलं. धुक्यात नुसतं बुंध्याचं काळं दिसत होतं. "ते नको," तो म्हणाला.

तिने सूत बांधलं. गाठ मारताना तिची बोटं उबदार होती.

मग दोघं उठून उभी राहिली.

धुकं विरलं. इतकं ऊन त्याने हिवाळ्यात कधी पाहिलं नव्हतं. मैदानात खांब उभा होता, नवा कोरा, रंगाचा वास येणारा. मुलं गात होती.

कचेरीच्या भिंतींना खरंच चुना लावला होता. नवा कारकून दारात येऊन म्हणाला, "आलात का? आजी रोज विचारायच्या." त्याने कागद पुढे केला, चान फेंगने अंगठा लावला. कागदावर काय लिहिलं होतं ते त्याने वाचलं नाही. वाचावंसं वाटलंच नाही.

सतरा नंबरचं घर नदीवरच होतं. निळी पाटी, पांढरे आकडे. अंगणात झाड नव्हतं, नुसतं लख्ख ऊन. जिना चढताना त्याचे गुडघे दुखले नाहीत.

नदीपलीकडे लुआंग प्राबांग शहरातल्या विहारांचे कळस दिसायला हवे होते. ते नव्हते. कचेरीतल्या भिंतीवरच्या नकाशात प्रांत नदीपाशी संपायचा आणि पलीकडे कागद कोरा असायचा, तसंच तिथे होतं. पांढरं. धुकं नव्हे.

"बसा," ओनसी म्हणाली. दोन ताटल्या मांडलेल्या होत्या. ती हसत होती आणि इतकी सुखात दिसत होती की त्याला रडू आलं.

तो बसला. करंडीचं झाकण उघडलं, भाताची वाफ आली.

आणि मग पलीकडून, त्या पांढऱ्यातून, कोणीतरी ओरडू लागलं. बाईचा आवाज होता, घोगरा, रडून बसलेला. मागे आणखी चार-पाच माणसांचे आवाज. कोणाला तरी बोलावत होते. चान फेंगने कान दिला. चाल पार चुकत होती, रानाआधी पाणी घेत होती ती बाई, श्वास कुठे घ्यायचा तेही तिला ठाऊक नव्हतं. ऐकून त्याला राग आला, मग कीव आली. कोणी नीट बोलावणारासुद्धा नसावा बिचाऱ्यांच्या गावात.

"फेंग, ये रे! चिंचेखाली ये! फेंग!"

"कोण गं हा फेंग?" त्याने विचारलं.

ओनसी चटणी वाढत होती. तिने मान वर करून जरा वेळ ऐकलं.

"असेल कोणी पलीकडचा," ती म्हणाली. "खा तुम्ही, गार होतंय."